‘चर्चा झाली’च्या पुढे: सोलापूरच्या ऊर्जा बदलात बैठका आणि परिषदा कामाला कशा लावायच्या

दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला कोळशावर चालणारा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. ६६० मेगावॅटचा पहिला संच २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली गेली. देशाच्या विजेचा एवढा मोठा सांधा आपल्या जिल्ह्यात आहे. तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्याला उद्या दुपारी लाइट जाईल की राहील हे सांगता येत नाही, आणि मोहोळचा शेतकरी थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर जातो.

आता या सगळ्यात बदल होतोय. माळावर सौर पॅनेल उभे राहतायत, साखर कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज करतायत, विजेचे स्वस्त तास रात्रीकडून दिवसाकडे सरकतायत. यातला प्रत्येक निर्णय कुठल्या ना कुठल्या बैठकीत होतो. मी एका छोट्या टॉवेल कारखान्याचा हिशेब बघतो आणि गावाकडे थोडी शेती आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बैठकांना बसत आलोय. सुरुवातीला एका बैठकीत आम्ही वीसेक जण सलग दोन तास फीडरबद्दल, म्हणजे उपकेंद्रातून आमच्या भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीबद्दल बोललो. महिन्याभरानं इतिवृत्त हातात आलं, त्यात आमच्या विषयापुढे दोनच शब्द होते: ‘चर्चा झाली’. फीडर होता तसाच राहिला. त्या कागदानं जे शिकवलं ते इथे क्रमानं लिहितोय.

पहिलं काम: निर्णय कुठल्या टेबलावर होतो ते शोधा

आपली सर्वात जास्त ताकद चुकीच्या बैठकीत बोलण्यात खर्च होते. दरवाढीची तक्रार उपविभागाच्या अभियंत्यापुढे मांडून उपयोग नाही, दर त्याच्या हातात नाहीत. आणि आपल्या गल्लीतल्या डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) गाऱ्हाणं दराच्या सुनावणीत मांडलं तर तीन मिनिटं संपून जातात.

दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे महावितरणला आपला दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आदेश काढावा लागतो. सोलापूरकराला या जनसुनावणीचं सर्वात जवळचं ठिकाण पुणे. जाणं जमत नसेल तर लेखी हरकत पाठवा, तिचाही विचार करावाच लागतो. आयोगाच्या आदेशात मुद्दा, त्यावर महावितरणचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं ओळीनं छापलेलं असतं. तुमचं वाक्य नेमकं असेल तर ते त्या आदेशात कायमचं नोंदलं जातं, पुढच्या वर्षी त्याचाच आधार घेऊन बोलता येतं.

पुरवठ्याचा दर्जा, फीडर, उपकेंद्राची क्षमता हे विषय महावितरणच्या सोलापूर मंडळाचे, म्हणजे अधीक्षक अभियंत्याचे. वरचं परिमंडळ बारामतीचं. याच कायद्याच्या कलम १६६ मध्ये जिल्हा विद्युत समितीची तरतूद आहे. पुरवठ्याचा दर्जा आणि ग्राहकांचं समाधान यांचा आढावा घेणं हे तिचं कामच आहे. पुढची बैठक कधी आहे, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. नुसत्या या प्रश्नानंसुद्धा हालचाल होते.

उद्योगांच्या अडचणींसाठी जिल्हा उद्योग मित्र समिती आहे. तिथे एमआयडीसी, महावितरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगार विभाग असे सगळे एकाच खोलीत बसतात. यंत्रमागधारकांसाठी माझ्या मते ही सर्वात कमी वापरलेली आणि सर्वात उपयोगाची जागा आहे, कारण ‘हे आमच्याकडे येत नाही, त्यांच्याकडे जा’ असं तिथे म्हणता येत नाही. ‘ते’ शेजारच्याच खुर्चीवर असतात. वैयक्तिक अडकलेल्या कामासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हा लोकशाही दिन आहे. निधीचा विषय असेल, उदाहरणार्थ शाळा किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपावर सौर संच, तर जिल्हा नियोजन समिती.

आणि एक टेबल वीजवाले कायम विसरतात: उजनी धरणाची कालवा सल्लागार समिती. पाण्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, तिथे ठरतं आणि शेतीपंपांचं वेळापत्रक महावितरणमध्ये ठरतं. कालव्याला पाणी आलंय आणि आपल्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, असं झालं की पाणी आणि माणूस दोघांचे हाल. आवर्तन जाहीर झालं की त्याच दिवशी फीडरच्या वेळेचं निवेदन द्या.

बैठकीच्या महिनाभर आधी

आकडे गोळा करा, आणि ते आपलेच असू द्या. वर्तमानपत्रातलं कात्रण साहेबांनीही वाचलेलं असतं.

कारखानदाराने बारा महिन्यांची बिलं सलग लावावीत. युनिट, विजेची कमाल मागणी, वेळेनुसारचा आकार वेगळा लिहावा. २०२५ पासून औद्योगिक दरात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत आणि संध्याकाळनंतर जादा आकार, अशी रचना आली आहे. तुमच्या वर्गाला ती लागू आहे का, कशी आहे, हे बिलावरच तपासा. ज्याचे माग रात्रपाळीत जास्त चालतात त्याचा हिशेब यामुळे पूर्ण बदलतो, आणि कामगारांच्या पाळ्यांचाही. म्हणून हा विषय मालकांनी एकट्यानं ठरवू नये. माग चालवणारा, सुताला खळ लावणारा सायझिंगवाला, डाईंगच्या बॉयलरवरचा माणूस, यांना आधी विचारा. रंगाईला लागणारी वाफ अजून लाकूड-कोळशावरच येते. छपरावर पॅनेल बसवून तो प्रश्न सुटत नाही, हे बॉयलरवालाच सांगतो.

शेतकऱ्यानं एक साधी वही करावी: तारीख, लाइट आली किती वाजता, गेली किती वाजता, मोटर प्रत्यक्ष किती तास चालली, व्होल्टेज कमी होतं का. तीस दिवसांच्या अशा नोंदी, त्याही एकाच फीडरवरच्या पाच शेतकऱ्यांच्या, हा सोलापुरात मला दिसलेला सर्वात वजनदार कागद आहे. फीडरचं नाव आणि उपकेंद्राचं नाव नक्की लिहा. ‘आमच्या गावात’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला शोधायला निमित्त मिळतं, फीडरचं नाव लिहिलं की त्याला तिथल्या तिथे संगणकावर बघावं लागतं.

उरलेली माहिती माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून तो अर्ज महिनाभराच्याही आधी टाकावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा प्रश्न आवरा.

मग विषय विषयपत्रिकेवर आणा. ऐनवेळच्या विषयाला ऐनवेळचं उत्तर मिळतं: ‘बघून घेतो.’ बैठकीच्या किमान पंधरा दिवस आधी एका पानाचं निवेदन द्या आणि आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पानावर तीनच गोष्टी हव्यात: अडचण आकड्यात, मागणी एका वाक्यात, आणि ती कोणाच्या अधिकारात आहे ते.

‘सोलापूरवर अन्याय होतोय’ ही भावना खरी आहे, पण तिच्यावर कोणी सही करू शकत नाही. याऐवजी असं लिहा: ‘अमुक उपकेंद्रातल्या तमुक फीडरवर १ ते ३० तारखेत दुपारी २ ते ५ या वेळेत इतक्या वेळा पुरवठा खंडित झाला, नोंदी सोबत जोडल्या आहेत. यातले नियोजित किती, बिघाडामुळे किती, आणि फीडर वेगळा करण्याचं अंदाजपत्रक कोणत्या तारखेपर्यंत तयार होईल?’ याला उत्तर द्यावंच लागतं.

बैठकीत

बोलणारा एकच ठेवा, दुसरा लिहिणारा. हे दोघं आधी ठरलेले असले की गोंधळ होत नाही. बोलणाऱ्यानं मागणी पहिल्या वाक्यात सांगावी, कारण नंतर. आपल्याकडे उलट होतं: आधी अध्यक्षांचे आभार, मग इतिहास, मग मागणी येईपर्यंत पुढचा विषय पुकारला जातो.

आवाज चढवून काही वेळा काम होतं, मी नाकारत नाही. पण ज्या वायरमनला आणि सहायक अभियंत्याला उद्या आपल्याच डीपीवर यायचंय, त्यांना चारचौघांत खाली पाहायला लावू नका. त्यांच्याकडे माणसं कमी असतात, साहित्य वेळेवर येत नाही. कित्येकदा त्यांनी वर पाठवलेला प्रस्ताव अडकलेला असतो आणि आपल्या निवेदनानं त्यांचंच काम सोपं होतं. बैठकीआधी त्यांना भेटून विचारा, ‘साहेब, तुमचा प्रस्ताव गेलाय का? कुठे थांबलाय?’

अधिकारी ‘लवकरच’ म्हणाले की शांतपणे विचारा: ‘कोणती तारीख लिहू?’ एवढाच प्रश्न. तारीख मिळाली तर लिहा. नाही मिळाली तर ‘तारीख सांगितली नाही’ हेही लिहा.

गावची सभा: माळावर पॅनेल येणार असतील तर

इथे जरा थांबून लिहितो, कारण जिल्ह्यात सध्या सर्वात जास्त घाईत होणारा निर्णय हाच आहे.

औष्णिक प्रकल्प उभारायचा तर पर्यावरणीय जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, चित्रीकरण, आणि शेवटी कार्यवाही स्थानिक भाषेत वाचून दाखवणं, हे सगळं बंधनकारक आहे. सौर पॅनेलच्या प्रकल्पांना मात्र ही अधिसूचना लागू नाही. म्हणजे शंभर एकरांवर पॅनेल आले तरी त्यासाठी अशी सुनावणी होत नाही. गावाला बोलायला मिळणारी खरी जागा ग्रामसभाच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळणार आहे, आणि रात्री पाणी धरणाऱ्या प्रत्येक घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. मी या योजनेच्या बाजूनं आहे. खासगी जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ, असं सरकारचं धोरण आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प आहे तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं, एकूण १५ लाख रुपये लोकोपयोगी कामांसाठी मिळायचे आहेत. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. हे आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण दलाल गावात आधी येतो आणि त्याचे आकडे वेगळे असतात.

अडचण गायरानाची. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेला माळ खरोखर रिकामा नसतो. धनगर समाजाच्या मेंढ्या तिथेच चरतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि माळढोकासारख्या जड, समोरचं कमी दिसणाऱ्या पक्ष्याला उघड्या तारा जिवावर बेततात. गायरान ही सरकारी जमीन, तिच्या वापराचा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. म्हणून ग्रामसभेचा ठराव त्या कार्यालयात आदेशाच्या आधी पोचला पाहिजे.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. सभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते; ती कागदावर उरकू देऊ नका, कारण सरपण आणि चारा कुठून आणायचा हे बायकांनाच माहीत असतं. मेंढपाळ चराईला बाहेरगावी गेलेले असतील तर ते परत आल्यावरचीच तारीख मागा. ठरावात नुसतं ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ लिहू नका. अटी लिहा: कोणता गट क्रमांक द्यायचा, कोणता चराईसाठी राखायचा, जनावरांची वाट किती रुंद सोडायची, पॅनेल धुवायला पाणी कुठून घेणार, कुंपणाच्या आतलं गवत कापून कोणाला मिळणार, राखणदारीचं आणि सफाईचं काम गावातल्या कोणाला. पाण्याची अट विसरू नका. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावात बोअरचं पाणी पॅनेलवर गेलं तर वर्षभरात भांडण उभं राहतं.

स्वतः परिषद घ्यायची असेल तर

साठ-सत्तर माणसं पुरेत. त्यापेक्षा मोठी सभा झाली की ती भाषणांची होते. जागेसाठी एखाद्या महाविद्यालयाचं सभागृह उत्तम: भाडं परवडतं, विद्यार्थी नोंदी घ्यायला मिळतात. सत्कार आणि दीपप्रज्वलन दहा मिनिटांत आटोपा. पाहुण्यांचा मान ठेवावा, पण दुपारच्या पाळीला जाणारा माग कामगार आपली अर्धी मजुरी सोडून आलेला असतो, त्याच्या वेळेचाही मान ठेवायला हवा.

तारीख धरताना सोलापूरचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. दिवाळीच्या सुमारास उसाचं गाळप सुरू झालं की साखर कारखान्याचा अभियंता आणि ऊसवाला शेतकरी दोघंही सापडत नाहीत. आषाढीला निम्मा जिल्हा पंढरपुरात. एप्रिल-मेमध्ये घ्यायचीच झाली तर संध्याकाळी सहानंतर.

भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शहराच्या पूर्व भागात कित्येक माग कामगारांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. ‘नेट मीटरिंग’ (छपरावरची जास्तीची सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करणं) काय असतं हे तेलुगूत समजावणारा एक माणूस असेल तर शेवटच्या रांगेतूनही प्रश्न येतात. मी हे होताना पाहिलंय: सकाळभर गप्प बसलेल्या एका बाईंनी दुपारी तेलुगूत विचारलं, की माग दिवसा चालवायचे ठरले तर विडीचं काम आणि स्वयंपाक कधी करायचा? त्या दिवशीचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न तो होता, आणि विषयपत्रिकेत त्याला जागाच नव्हती.

फताटेवाडीच्या कंत्राटी कामगारांनाही बोलवा. संच नवे आहेत, उद्या बंद होणार नाहीत. पण दुपारी सौर वीज भरपूर असताना कोळशाचे संच कमी भारावर चालवावे लागतात, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार ते टप्प्याटप्प्यानं ४० टक्के भारापर्यंत खाली आणता यायला हवेत. यात कोणाचं काम वाढतं, कोणाचं कमी होतं, कोणतं नवं कौशल्य लागतं, हे आत्ताच विचारायला हवं. या शहरानं लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या कापड मिल बंद पडताना पाहिल्यात. कामगार त्यातून यंत्रमागावर, रिक्षावर, पुण्याच्या गाडीत गेले. पुन्हा तसं व्हायला नको.

बाहेरगावच्या मोठ्या परिषदा

सप्टेंबर २०२४ मध्ये गांधीनगरला ‘री-इन्व्हेस्ट’ झाली, तशा अपारंपरिक ऊर्जेच्या परिषदा आणि प्रदर्शनं होत असतात. प्रत्येकाने जायची गरज नाही. आपल्या कारखानदारांच्या संघातर्फे दोघांना पाठवा, एक कारखानदार आणि एक इलेक्ट्रिशियन. भाषणांपेक्षा स्टॉलवर वेळ घालवा, आणि सोलापूरचेच प्रश्न विचारा. आमच्या शेडवर सिमेंटचा पत्रा आहे, तो वजन पेलेल का? टॉवेल कारखान्याची रुई पॅनेलवर बसते, किती दिवसांनी धुवायचं? बोअरचं पाणी जड आहे, डाग पडतील का? एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. विक्रेता याच्या फार वरचा आकडा सांगत असेल तर तो लेखी हमीत मागा. आल्यावर आठ दिवसांत दोघांनी बाकीच्यांना अर्धा तास सांगायचं, ही अट जाण्याआधीच घाला.

बैठक संपल्यावर

त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, आपल्या लिहिणाऱ्याच्या वहीवरून एका पानाचं टिपण करा. चार रकाने: विषय, काय ठरलं, कोणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. माणसाचं नाव नको, हुद्दा लिहा, कारण बदली होते. दुसऱ्या दिवशी ते टिपण ‘इतिवृत्तात समाविष्ट करावे’ अशा विनंतीपत्रासह कार्यालयात द्या, पोच घ्या, ईमेलही करा. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाला अनेक विभागांचे कागद एकदम आवरायचे असतात. नीट तयार केलेलं पान समोर असलं की तो ते वापरतो. आमच्या फीडरच्या विषयापुढे दुसऱ्या वेळी ‘चर्चा झाली’ आलं नाही. ‘कार्यकारी अभियंता यांनी अंदाजपत्रक सादर करावे’ असं आलं, पुढे तारीख होती.

त्या तारखेच्या तीन दिवस आधी फोन करा. तारीख उलटली तर आठवडाभरात स्मरणपत्र, त्यात इतिवृत्ताचा मुद्दा क्रमांक. तरीही हललं नाही तर पुरवठ्याच्या तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल. मंचापुढे जाताना ही सगळी पोचपानं तारखेच्या क्रमानं एका फाइलीत लावून न्या, आणि फाइलीच्या पहिल्या पानावर शेतकऱ्यांच्या त्या वहीतल्या नोंदी ठेवा.